घाट उतरण्याआधी : जुन्या गाडीचे ब्रेक

लोणावळ्याहून खोपोलीकडे जुन्या रस्त्याने उतरताना पहिली खूण नाकाला मिळते. करपल्यासारखा उग्र वास गाडीत शिरतो. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणते, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढच्या वळणावर चालक ब्रेक दाबतो. पेडल पायाला नेहमीसारखेच कडक लागते, पण गाडी म्हणावी तशी हळू होत नाही. तो आणखी जोर लावतो. दरी जवळ येते, गाडी कशीबशी वळण घेते, आणि तेव्हा लक्षात येते की वास आपल्याच चाकांतून येतो आहे.

ज्यांनी फियाट किंवा अँबॅसिडर घेऊन घाट उतरला आहे, त्यांच्या पायाला हा अनुभव अजून आठवत असेल. आज या गाड्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. वडिलांची, आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढून तिला रंग द्यायचा, क्रोम चमकवायचे, सीटकव्हर शिवून घ्यायचे, इंजिन उतरवून बांधायचे, हे सगळे हौसेने होते. ब्रेककडे मात्र शेवटी लक्ष जाते, आणि तोवर बहुधा पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा हवा. जुनी गाडी चालू करण्याआधी ती थांबेल याची खात्री करायची असते. ती कशी करायची, आणि सुधारणा करायची तर कोणत्या क्रमाने, हे या प्रकरणात पाहू. उदाहरणाला आपल्या ओळखीची गाडी घेऊ : प्रीमियर पद्मिनी.

कुर्ल्याची गाडी

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. १९६४ मध्ये ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. शतक संपता संपता उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही धावत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. पण खासगी मालकांच्या पद्मिनी आजही आहेत, आणि १९७४ साली नोंदलेल्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी ओलांडली.

१०८९ सीसीचे इंजिन, सुमारे ९०० किलो वजन, स्टिअरिंगच्या दांडीवर गियर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी ही रचना. तिच्या काळाला ती पुरेशी होती. त्या वेळी रस्त्यावर गाड्या थोड्या होत्या, वेग कमी होता आणि पुढे धावणारी गाडीही तशाच ड्रमवर थांबत होती. आता पुढची गाडी बदलली आहे. तिला डिस्क आहेत, बूस्टर आहे, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आहे. आपली गाडी मात्र तीच आहे. धोका या तफावतीत आहे.

बादलीभर उकळते पाणी

ब्रेक गाडी थांबवतात म्हणजे नेमके काय करतात? धावत्या गाडीतली गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतात आणि ती उष्णता हवेत सोडून देतात. त्यामुळे ब्रेकची खरी परीक्षा उष्णता पेलण्याची असते.

तीन माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन ११०० किलो मानू. ताशी ६० किमी वेगाने धावताना तिच्यात सुमारे १५३ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग ८० वर नेला की हाच आकडा २७२ होतो. वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकवरचा बोजा पावणेदोन पट झाला, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता घाटाचा हिशेब करू. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. ११०० किलोची गाडी तेवढी खाली आणताना सुमारे ५,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. ताशी ६० वरून गाडी जवळजवळ चाळीस वेळा थांबवली तर जेवढी उष्णता निर्माण होईल, तेवढी ही आहे. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर आंघोळीची मोठी बादली, म्हणजे वीस लिटर पाणी, नळाच्या तापमानापासून उकळीला आणण्याइतकी. यातला काही वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेला वाटा इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालकाच्या हातात असते. "ज्या गियरने घाट चढलास त्याच गियरने उतर," हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणजे याच हिशेबाचे सार आहे.

पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक अजून आहेत. ते त्या बादलीतले सगळे पाणी चार ड्रमवर उकळवत असतात. ही सवय जीवघेणी आहे.

ड्रमच्या आत

चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू. शूंवर घर्षणाचे लायनर. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला द्रव नळ्यांतून व्हील सिलिंडरमध्ये दाब देतो आणि शू बाहेर पसरून ड्रमला आतून घासतात.

या रचनेत एक खुबी आहे. चाक पुढे फिरत असताना एका शूला ड्रमची ओढ आणखी घट्ट दाबते. त्याला लीडिंग शू म्हणतात. दुसऱ्याला तीच ओढ मागे लोटते, तो ट्रेलिंग शू. लीडिंग शूला मिळणाऱ्या या फुकटच्या मदतीमुळेच जुन्या गाड्या बूस्टरशिवाय, नुसत्या पायाच्या जोरावर थांबत. पण ही मदत चूकही वाढवते. एका बाजूच्या लायनरवर ग्रीस लागले, पाणी शिरले किंवा लायनर झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला, तर तो छोटा फरक लीडिंग शू मोठा करून दाखवतो, आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. कोकणातल्या पावसात पाण्याने भरलेल्या सखलातून गाडी काढल्यावर पहिला ब्रेक लागतच नाही, कारण ड्रममध्ये पाणी अडकलेले असते. अशा वेळी थोडे अंतर हलका ब्रेक दाबून चालवले की उष्णतेने लायनर सुकतात.

पेडलची भाषा

तापलेले ब्रेक तीन वेगवेगळ्या प्रकारे हार मानतात. प्रत्येक प्रकार पायाला वेगळा जाणवतो, आणि हा फरक ओळखता आला तर इलाजही नेमका करता येतो.

पहिला प्रकार : पेडल नेहमीपेक्षा खोल जाते, पण तळाशी धरते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर गेलेला असतो. ड्रम थंड झाला की पेडल पूर्ववत होते. ड्रम लेथवर फार कापून पातळ झाले असतील, तर हे लवकर होते.

दुसरा प्रकार : पेडल कडक, पण गाडी मंदावत नाही. सुरुवातीचा घाटातला प्रसंग याचाच. लायनरमधले चिकट द्रव्य जास्त उष्णतेने वायू सोडते आणि घर्षण घटते. यालाच ब्रेक फेड होणे म्हणतात. पाय कितीही जोराने दाबला तरी उपयोग नाही. उष्णता कमी करणे हाच उपाय.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट : पेडल मऊ होते, स्पंजासारखे दबते आणि फळीला टेकते. व्हील सिलिंडरजवळचा द्रव उकळून त्याची वाफ झालेली असते. द्रव दबत नाही, वाफ दबते. त्यामुळे पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो. थंड गाडीतही पेडल असेच मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे.

पुढच्या चाकांची भीती

मोटारीच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागे असत. लाखोंनी खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पायाचा ब्रेक थेट ट्रान्समिशनवर लागे आणि त्यातून मागची चाके थांबत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलटेल किंवा स्टिअरिंग हातातून सुटेल, अशी भीती होती. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रेक मारला की गाडीचे नाक खाली जाते आणि भार पुढे सरकतो. जोराच्या ब्रेकिंगमध्ये गाडीच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार पुढच्या चाकांवर असतो. साहजिकच थांबवण्याचे बहुतेक काम तीच करू शकतात.

हायड्रॉलिक ब्रेकची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉगहेड यांनी पुढे आणली. ब्रेकच्या दुनियेतले लॉकहीड हे नाव त्यांच्याच आडनावाच्या उच्चारातून आले. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना असे ब्रेक मिळाले. डिस्क ब्रेकचे पेटंट त्याच्याही आधीचे, १९०२ चे, इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचे. पण त्या काळच्या घर्षणद्रव्यांनी आणि धुळीच्या रस्त्यांनी ती कल्पना पेलली नाही. तिचे दिवस पन्नास वर्षांनी आले. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलप डिस्क बसवलेली जग्वार सी-टाइप जिंकली. प्रतिस्पर्धी जिथे ब्रेक मारायला सुरुवात करत, त्याच्याही पुढे जाऊन ती ब्रेक मारू शकत होती आणि तासामागून तास तिचे ब्रेक टिकत होते. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसने पुढच्या डिस्क सामान्य ग्राहकापर्यंत आणल्या.

पद्मिनीच्या मालकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, इटलीत याच ११०० मालिकेच्या १९६६ च्या 'आर' मॉडेलला पुढे डिस्क मिळाल्या. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक पद्मिनी ड्रमवरच राहिल्या. त्यामुळे पद्मिनीला पुढे डिस्क बसवणे म्हणजे तिच्या इटालियन बहिणीला पूर्वीच मिळालेली गोष्ट तिला उशिरा देणे आहे.

पहिली सुधारणा : मुळात होते तसे करणे

डिस्कचे सामान विकत आणण्याआधी एक काम अटळ आहे. आहेत ते ड्रम ब्रेक कारखान्यातून निघाले त्या दिवशी जसे होते, तसे करायचे. अनेकदा असे दिसते की मालक "फियाटचे ब्रेक वाईटच" म्हणतो आणि गाडीत दोन चाकांचे ब्रेक मुळी लागतच नसतात. नीट बांधलेले ड्रम शहरातल्या वेगाला उत्तम काम देतात.

सुरुवात साफसफाईपासून, आणि तिथेच एक इशारा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची मोठी शक्यता असते. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगासारखे आजार होतात. म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका आणि मिस्त्रीलाही उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडके पिशवीत बांधून टाका. नवे लायनर ॲस्बेस्टॉसमुक्त घ्या.

ड्रम लेथवर समान करून घ्या, पण मूळ व्यासापेक्षा किती मोठा चालेल याची मर्यादा पाळा. एकाच ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे हवेत. लायनर बसवल्यावर शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळते का ते पाहा. लायनर फक्त मधोमध टेकत असेल तर निम्मा लायनर वाया जातो. ग्रीसने किंवा ब्रेक ऑइलने भिजलेला लायनर घासून पुन्हा वापरू नका. तो गेला, असे समजा, आणि आधी गळणारे सील बदला. शूचे ॲडजस्टमेंट चारही चाकांना सारखे ठेवा आणि ठरावीक अंतराने तपासा.

व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडून आतली भिंत पाहा. गंजाचे खड्डे असतील तर नुसते रबर किट बदलून भागत नाही. सिलिंडर बदलावा लागतो किंवा आत स्टीलची बाही बसवून घ्यावी लागते. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद होतात. मग दाब आत जातो, पण परत येत नाही आणि चाक जाम होऊन तापते. पंधरा-वीस वर्षांचा होज पाहणीसाठी ठेवू नका, सरळ बदला. लोखंडी नळ्या मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत क्लिपखाली गंजतात, तिथे बोट फिरवून पाहा. नव्या नळ्या तांबे-निकेल मिश्रधातूच्या मिळाल्या तर उत्तम; त्या गंजत नाहीत आणि सहज वाकतात.

आता ब्रेक ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातले द्रव आहेत. त्यात चुकूनही इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल जाऊ देऊ नका. रबरी कप फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. हे द्रव हवेतली वाफ शोषून घेतात. मानकाप्रमाणे कोरडा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वर्षानुवर्षे न बदललेला द्रव घाटात का उकळतो, ते यावरून कळते. दर दोन वर्षांनी द्रव बदलायचा, आणि डॉट ४ भरायचा. इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी सुधारणा दुसरी नाही. सिलिकॉनचा डॉट ५ हा वेगळाच पदार्थ आहे. तो यात मिसळू नका.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. टाकीतला द्रव मधेच संपू द्यायचा नाही, नाहीतर सगळे काम पुन्हा करावे लागते.

एका होजवर चार चाके

जुन्या रचनेत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असे आणि त्याच्यावर चारही चाके अवलंबून असत. कुठेही एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. उरला तो फक्त हँडब्रेक. कॅडिलॅकने १९६२ मध्ये दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर दिला, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना दुहेरी यंत्रणा सक्तीची झाली.

माझे स्पष्ट मत आहे की, सिंगल मास्टर सिलिंडरची गाडी असेल, तर डिस्कच्या आधी हा बदल करावा. पुढच्या चाकांचा एक मार्ग आणि मागच्यांचा दुसरा. एक फुटला तरी पेडल खोल जाईल, पण दुसऱ्या मार्गाचा ब्रेक शिल्लक राहील. बॉनेट उघडल्याशिवाय हा बदल कुणाला दिसतही नाही. गाडीचे जुने रूप तसेच राहते आणि जीव वाचू शकतो.

यात माप महत्त्वाचे आहे. पाऊण इंची सिलिंडर काढून पाऊण इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे सात-अष्टमांश इंची, बसवला तर त्याचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते. पेडल छोटे आणि ताठ होते, म्हणून मालक खूश होतो. पण त्याच पायाच्या जोराला नळीतला दाब सुमारे पाऊण पटच मिळतो. पेडल कडक म्हणजे ब्रेक चांगला, हा समज इथे फसवतो.

डिस्क बसवताना

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी; कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी घर्षणाच्या पॅडच्या चिमट्यात पकडतो. ती उघडी असते. तिच्या दोन्ही अंगांना हवा लागते, पाणी फिरण्याने उडून जाते, आणि तापून फुगली तरी ती पॅडपासून दूर जात नाही. म्हणून घाटात ती टिकते. पण तिला लीडिंग शूसारखी फुकटची मदत नाही. पॅड दाबायला कितीतरी जास्त बळ लागते. ते मोठ्या पिस्टनमधून, बूस्टरमधून किंवा दोन्हींतून आणावे लागते. बूस्टर इंजिनाच्या इनटेकमधल्या निर्वातावर चालतो आणि पायाला मदत करतो. इंजिन बंद पडले तर साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळाच मदत मिळते. घाटात इंजिन चालू ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

दुसऱ्या गाडीचे हब, डिस्क आणि कॅलिपर आणून बसवताना खरे काम असते ते मधल्या ब्रॅकेटचे. पूर्ण ब्रेकिंगचा सगळा झटका तो ब्रॅकेट आणि त्याचे बोल्ट सोसतात. तो योग्य जाडीच्या पोलादाचा, मशीनवर कापलेला आणि उच्च प्रतीच्या बोल्टने आवळलेला हवा. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पट्टी कापून वेल्ड केलेला ब्रॅकेट कधीही स्वीकारू नका. चाकाची रिंग कॅलिपरला घासत नाही ना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होज ताणला जात नाही ना, हे गाडी उचलून हाताने फिरवून पाहा.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटी झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळीत थोडा दाब राखते, म्हणजे व्हील सिलिंडरच्या कपांवरून हवा आत शिरत नाही. डिस्कच्या मार्गात ही झडप राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क लाल होईपर्यंत तापते. सुधारणा करूनही ब्रेक जळाल्याच्या तक्रारी बऱ्याचदा या एवढ्याशा भागामुळे असतात.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढचा-मागचा तोल. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा कधीही वरचढ नसावेत. गरज पडली तर मागच्या मार्गात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात, ताशी ३० च्या वेगाने, बाहेर कुणाला तरी बघायला उभे करून जोरात ब्रेक मारा. आधी पुढची चाके जाम झाली पाहिजेत आणि गाडी एका रेषेत थांबली पाहिजे. ओल्या रस्त्यावर हीच चाचणी आणखी कमी वेगाने पुन्हा करा.

टायर आणि अंतर

ब्रेक चाक थांबवतात, गाडी टायर थांबवतात. वर्षाला दोन-चारशे किलोमीटर धावणाऱ्या हौशी गाडीच्या टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचा आणि म्हातारा टायर बदला. चारही टायर एकाच जातीचे हवेत. दोन रेडियल आणि दोन जुन्या पद्धतीचे, अशी सरमिसळ नको.

आता समोरच्या गाडीशी तुलना करू. वेग ताशी ८०. डोळ्यांनी पाहून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. चांगली आधुनिक गाडी त्यानंतर सुमारे ३० मीटरमध्ये थांबते, एकूण ५२. थकलेल्या ड्रमची गाडी तिच्या निम्म्याहून कमी जोराने मंदावते असे मानले, तर एकूण अंतर ८५ मीटरच्या आसपास जाते. फरक ३३ मीटरचा. एकामागे एक आठ पद्मिनी उभ्या राहतील एवढा. नीट बांधलेल्या ब्रेकांनी आणि चांगल्या टायरांनी हा फरक बराच घटतो, पण पूर्ण जात नाही, कारण आपल्या गाडीला एबीएस नाही. उरलेली तूट चालकाने अंतर राखून भरून काढायची असते.

कायदा आणि अस्सलपणा

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत. त्यामुळे डिस्क बसवण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि कामाची बिले व फोटो सांभाळून ठेवा.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मी मनापासून मानतो. जुनी गाडी हा एका काळाचा पुरावा आहे. म्हणून नियम असा ठेवावा : कुठेही कापायचे नाही, कुठेही कायमचे वेल्ड करायचे नाही. जे बसवाल ते बोल्टने बसवा, आणि काढलेले शू, ड्रम, सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत जपा. पुढच्या मालकाला गाडी पुन्हा होती तशी करता आली पाहिजे. आधीच्या भागांत पाहिलेले बदल, म्हणजे नवा द्रव, नवे होज, नव्या नळ्या, दुहेरी मास्टर सिलिंडर आणि चांगले लायनर, यांनी गाडीचे रूप जराही बिघडत नाही. शहरात आणि सुट्टीच्या सकाळी चालणाऱ्या गाडीला तेवढे पुरते. घाटातून, महामार्गावरून लांब जाणार असाल, तर पुढच्या डिस्कचा विचार जरूर करा.

गाडी कशीही असो, प्रवासाला निघण्याआधी दोन मिनिटे द्या. टाकीतला द्रव पाहा. पेडल जोराने दाबून एक मिनिट धरून ठेवा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, त्या दिवशी गाडी काढू नका. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते वाकून पाहा. हँडब्रेक ओढून गाडी उतारावर थांबते का ते तपासा. आणि घाटाच्या माथ्यावर पाटी दिसली की वळणाची वाट न पाहता आधीच खालचा गियर टाका.